“म्या दाबलं होतं की!” : गेम बनवायला निघालेल्यांसाठी

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पोरंपोरी हल्ली मला मेसेज करतात. कुणी नीटचा नाद सोडलेला असतो, कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कंटाळलेलं असतं. प्रश्न ठरलेला: ताई, युनिटी शिकू का गोडो? ही दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिनं. कुठलंही शिका. गोडो पूर्ण मोफत आहे आणि युनिटीची मोफत आवृत्ती शिकणाऱ्याला पुरून उरते. या प्रश्नावर आठवड्यापेक्षा जास्त घालवलात तर तो वेळ वाया गेला. जो प्रश्न विचारायला हवा तो क्वचितच कुणी विचारतं: माणूस गेम मध्येच का सोडतो?

“अवघड होता म्हणून” हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. 2013 साली आलेला फ्लॅपी बर्ड आठवा. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने बनवलेला, एका बोटाचा खेळ. नवखा माणूस पहिल्या दोन-चार पाइपांतच आपटायचा. तरी 2014 च्या सुरुवातीला तो डाउनलोडच्या यादीत वर होता, आणि त्याच फेब्रुवारीत न्गुयेनने स्वतः तो काढून घेतला तेव्हाही लोक खेळतच होते. 2011 चा डार्क सोल्स तर अवघडपणासाठीच ओळखला जातो. मरण्याचा कंटाळा येत नाही माणसाला. फुकट मेलो असं वाटलं की मात्र तो फोन गादीवर टाकतो.

लातूरच्या कुठल्याही क्लासमध्ये हे रोज दिसतं. पेपर अवघड निघाला तर पोरं मुकाट पुढच्या टेस्टच्या तयारीला लागतात. अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न आला की अख्खी बॅच सरांच्या केबिनबाहेर उभी राहते. गेममध्येही जे शिकवलंत तेच विचारा, मग कितीही अवघड विचारा. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल काढून बघा. एकही सूचना न लिहिता पहिला शत्रू समोरून चालत येतो. धडकलात तर मेलात, पण गेम सुरू होऊन काही सेकंदच झालेले असतात, त्यामुळं गमावलेलं काहीच नसतं. दुसऱ्या खेपेला बोट आपोआप उडीच्या बटणावर जातं.

मी आता कुणी खेळत असलं की एकच गोष्ट कान देऊन ऐकते. मेल्यावर पुढच्या क्षणाला तोंडून काय निघतं? “अरे, उशीर झाला” असं निघालं तर गेम ठीक चाललाय. तो स्वतःवर चिडलाय, परत खेळेल. “हे काय झालं?” असं निघालं तर मरणाचं कारण त्याला दिसलेलं नाही. शत्रूचा रंग मागच्या भिंतीत मिसळलाय किंवा गोळी पडद्याबाहेरून आली. आणि “मी दाबलं होतं की!” असं निघालं तर हातातलं सगळं काम थांबवा. हे वाक्य मला फार महागात पडलंय, म्हणून याच्यावर जरा लांबण लावते.

माझा पहिला गेम साधा होता. एक शेळी पळतेय, वाटेत ओढे, बांध, आड. टॅप केलं की उडी, बस. युनिटीचा गेम मोबाइलवर आपण वेगळं काही सांगितलं नाही तर साधारण सेकंदाला 30 फ्रेमनं, म्हणजे सेकंदाला 30 चित्रं दाखवत, चालतो, आणि त्या वेगाला सगळं सुरळीत होतं. पळणं जरा अडखळत दिसायचं म्हणून मी फ्रेम 60 केल्या. दिसायला सुरेख झालं. तेव्हापासून जिंतूरचा माझा मामेभाऊ म्हणायला लागला, “ताई, म्या दाबलं होतं की! उडलीच नाही ती.” त्याला गेम अवघड जातोय असं धरून मी आड अरुंद केले. मग आणखी अरुंद केले. शेळीचा वेग उतरवला. बघणाऱ्याला पेंग यावी इतका गेम सोपा झाला, आणि तक्रार तीच.

घोळ कोडमध्ये होता. युनिटीत दोन घड्याळं चालतात. एक चित्राचं, अपडेट, दर फ्रेमला एकदा. दुसरं फिजिक्सचं, म्हणजे उडणं, पडणं, आपटणं यांचं, फिक्स्डअपडेट, जे आपण बदललं नाही तर दर 0.02 सेकंदाला एकदा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चालतं. जुन्या इनपुट पद्धतीत “टॅप आत्ता झाला” ही खूण फक्त एका फ्रेमपुरती खरी असते. उडी ही फिजिक्सची गोष्ट म्हणून मी ती खूण फिक्स्डअपडेटमध्ये तपासत होते. आता वही घेऊन हिशेब करा. फ्रेम 30 असताना प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला फिजिक्सचा एक तरी फेरा येतोच, त्यामुळं टॅप सुटत नाही. फ्रेम 60 केल्या तरी फेरे 50 च. म्हणजे दर सेकंदाला 10 फ्रेम अशा जातात की त्यांत तपासायला कुणी येतच नाही. बोट नेमकं तेव्हा पडलं की टॅप गेला. सहातला एक. पोरगं खरं बोलत होतं, त्यानं दाबलं होतं.

सहातला एक हे प्रमाण फार घातक आहे. प्रत्येक टॅप हरवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. सहातला एक हरवतो तेव्हा संगणकावर खेळताना तुम्हाला स्वतःचंच बोट चुकल्यासारखं वाटतं आणि तुम्ही पुढं जाता. खेळणाराही आधी स्वतःलाच बोल लावतो. मग हळूहळू त्याचा भरवसा उडतो. एकदा तो उडाला की खरोखर स्वतःच्या चुकीनं मेला तरी तो गेमलाच धरतो, आणि शिकायचं थांबतो. मजा जाते ती इथं, काट्यांवर आणि खड्ड्यांवर नाही.

उपाय दोन-तीन ओळींचा आहे. टॅप अपडेटमध्ये वाचा, एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या लक्षात ठेवायच्या जागेत, ठेवा, फिक्स्डअपडेटमध्ये ते बघून उडी मारा आणि मग ते व्हेरिएबल पुसा. गोडोत टॅपचं हे बरंचसं इंजिनच सांभाळतं, पण तिथंही आणि इथंही दुसरी गफलत ठरलेली: दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवायचे आणि डेल्टानं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं, गुणायचं विसरायचं. मग 60 फ्रेमच्या फोनवर शेळी 30 फ्रेमच्या फोनपेक्षा दुप्पट पळते. आपल्या फोनवर जमणारी उडी दुसऱ्याच्या फोनवर जमतच नाही, आणि तो म्हणतो गेम अवघड आहे. “अवघड आहे” हे शब्द कानावर आले की शत्रू कमी करायला धावू नका. आधी बोट ते उडी हा सगळा रस्ता तपासा. मग मरणाचं कारण दिसतंय का बघा. आकड्यांना हात सगळ्यात शेवटी.

ते व्हेरिएबल लगेच न पुसता 0.1 सेकंद जिवंत ठेवलं तर आणखी एक फायदा होतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेली उडीसुद्धा लागते. 2018 च्या सेलेस्टमध्ये याची उलट बाजूही आहे: कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे 0.1 सेकंद उडी मारता येते. या सवलतीला गेमवाले कोयोटी टाइम म्हणतात. सेलेस्ट सोपा आहे असं कुणी म्हणणार नाही, पण तो ऐकत नाही असंही कुणी म्हणत नाही. 1980 च्या पॅकमॅनमध्येसुद्धा कोपरा यायच्या जरा आधी दांडी वळवली तर पॅकमॅन कोपरा कापून वळतो. मागे लागलेल्या भुतांना ती सोय नाही. हल्लीच्या टेट्रिसमध्ये सातही आकार एकदा वाटून झाल्याशिवाय पुढचे सात येत नाहीत, म्हणून लांब काठीची वाट बघताना मध्ये जास्तीत जास्त 12 तुकडे येऊ शकतात. त्यापलीकडं नशीब छळत नाही. फायर एम्ब्लेम या लढाईच्या गेममालिकेच्या 2002 पासूनच्या बऱ्याच भागांत तर पडद्यावर 90 टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात 98 टक्के वेळा लागतो, कारण आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतात. नव्वद म्हणजे लागणारच असं माणूस मनात धरून चालतो, आणि गेम त्याच्या मनाशी जुळवून घेतो.

काही जण याला खेळाडूची फसवणूक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. डोळ्यानं बघणं, अंगठ्यानं दाबणं, काचेनं ते ओळखणं, फ्रेम रंगवणं, या प्रत्येक टप्प्यात थोडा थोडा वेळ गळतो. तो खेळाडूनं गळवलेला नसतो. तेवढा त्याला परत देणं हा न्याय आहे.

अंगठ्यावरून सांगते. सेलूत एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात विकायला ठेवलेले जुने फोन असतात. दुकानदाराला विचारून मी त्यांवर गेम टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खेळायला द्यायची. बारावीतलं एक पोरगं फोन आडवा धरून बसलं होतं. स्क्रीनगार्डला तडा, अंगठा सरकला की त्या तड्यावर अडायचा. शेळी पडद्याच्या डाव्या बाजूला पळतेय, आड उजवीकडून येणार, आणि आड पडद्यावर उगवतो तो नेमका त्याच्या उजव्या अंगठ्याखाली. ते दर खेपेला अंगठा उचलायचं, खाली काय आहे बघायचं, परत टेकवायचं. तोवर शेळी आडात. कीबोर्डवर खेळून हे जन्मात दिसलं नसतं. मी पळायची जमीन पडद्याच्या मध्यावर घेतली आणि खालच्या भागात नुसती काळी माती ठेवली. अंगठा मातीवर, नजर वर.

म्हणून टेस्टिंगबद्दल कडक सांगते. कुणी खेळत असताना तोंड उघडायचं नाही. “इथं दाब”, “थांब, आता उडी मार” म्हणालात की ती टेस्ट बाद. प्ले स्टोअरवरून गेम घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. तो अडकला तर अडकू द्या, पोटात कालवाकालव होते पण बसून राहायचं. आणि “कसा वाटला?” हे विचारू नका. आपल्याकडं माणसं भिडस्त, तोंडावर “लई भारी” म्हणतील. “कशानं मेलास?” एवढंच विचारा. ते खरं सांगतात.

13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरला गेम टाकायचा तर आता किमान 12 जणांनी सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत, असावं लागतं. नवी मुलं याला वैतागतात आणि टेलिग्रामवर टेस्टर विकत घेतात किंवा “तू माझा टाक, मी तुझा टाकतो” करतात. करू नका. तुमचा गेम उघडूनही न बघणारी 12 माणसं कशाला हवीत? काकू, शेजारचा रिक्षावाला, हॉस्टेलची रूममेट, ज्यांच्याकडं दहा हजारांच्या आतला फोन आहे अशांना धरा. ते 14 दिवस कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवतात.

कोर्सचं म्हणाल तर सहा महिन्यांत गेम डेव्हलपर करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीला बापाच्या कापसाचे पैसे घालू नका. विकतचं टेम्प्लेट, म्हणजे गेमचा तयार साचा, आणून शेळीच्या जागी गाडी बसवणं हेही शिक्षण नव्हे. त्यात उडी इतकीच उंच का, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं आणि तुम्हाला ते कधीच कळत नाही. गुरू करायचाच तर एक तरी गेम पूर्ण करून लोकांच्या हातात दिलेला माणूस करा. त्यानं दहा मिनिटं गप्प बसून तुमचा गेम खेळला तरी पुष्कळ. पहिल्याच मिनिटाला ग्राफिक्स सुधार म्हणणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. एरर मेसेजचं इंग्रजी दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. लॅपटॉप जुना असला तर द्विमितीय गेम करा, त्यातलं शिक्षण तेच आहे. स्टुडिओतल्या कामासाठी पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडं बघावं लागतं हे खरं, पण ते दूर नाही. 2020 साली आलेला राजी हा गेम पुण्यातल्या टीमनं केलेला आहे. टेस्टरची नोकरी मिळाली तर हलकी समजू नका. दिवसभर “हे काय झालं?” ऐकण्याचे पैसे मिळतात त्यात.

नोकरीसाठी अर्ज करताना अर्धवट दहा गेम पाठवू नका, पूर्ण झालेला एक पाठवा. सोबत दोन छोटे व्हिडिओ जोडा, एखादा अनोळखी माणूस तुमचा गेम खेळतोय असे: पडदा आणि अंगठा दोन्ही दिसतील असे, आवाजासकट, एक बदल करण्याआधीचा आणि एक नंतरचा. मध्ये काय बदललंत आणि का, ते चार ओळींत मराठी-इंग्रजी जमेल तसं लिहा. माझा अर्ज पुढं सरकला तो सेलूच्या त्या पोराच्या अंगठ्याच्या व्हिडिओमुळं. त्याची परवानगी घेतली होती, तुम्हीही घ्या.