उकल न झालेल्या गुन्ह्यात संशयिताचे नाव जाहीर करण्यापूर्वी

बीड किंवा परभणीच्या एखाद्या खेड्यात झालेल्या खुनाचा तपास रखडला की पारावर कुणाचे ना कुणाचे नाव फिरू लागते. ते नाव छापण्यापूर्वी आपल्याला ते ठाऊक कसे झाले, हे आधी कागदावर लिहून काढावे. प्रथम खबरी अहवालात नाव आहे, अटक झाली आहे, दोषारोपपत्र दाखल आहे, की नुसती कुजबुज आहे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नाव गाळून 'स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याचा धाकटा मुलगा' असे लिहिणे ही पळवाट नव्हे, कारण तालुक्यात त्याला सगळेच ओळखतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीला 2 वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे, आणि मजकूर खरा असणे एवढ्याने सुटका होत नाही. तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. संशयित अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम 74 ओळख उघड करण्यास मनाई करते, तेव्हा तिथे विचार करण्याचेही कारण नाही.

तपासाचे नुकसान मात्र सहसा कुणी मोजत नाही. छायाचित्र आधीच मोबाइलवर फिरले, तर ओळख परेडमध्ये साक्षीदाराने ओळखलेला चेहरा घटनास्थळी पाहिलेला की फोटोत, हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच. संशय पारधी वस्तीकडे वळत असेल, तर जास्तच थांबावे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का तो 1952 मध्ये रद्द होऊनही पुसलेला नाही, आणि एका नावाची झळ अख्ख्या वस्तीला लागते. लेखी पुरावा हाती असेल, तर संबंधिताची बाजू विचारून वकिलाला मसुदा दाखवावा. नसेल, तर ती माहिती तपास अधिकाऱ्याकडे लेखी देऊन पोच घ्यावी.