गोट्यांच्या खड्या किनाऱ्यावरून गळ टाकताना

वाळूच्या सपाट किनाऱ्यावर लाट लांब फुटते आणि पायाशी येईपर्यंत तिचा जोर ओसरतो. गोट्यांच्या खड्या उतारावर काठालाच पाणी खोल असतं. लाट पायाशीच कोसळते आणि परतताना पायाखालचे गोटेही ओढून नेते. धोका आहे तो या परतीच्या ओढीत.

निघण्यापूर्वी भरतीची वेळ, लाटांची उंची आणि दोन लाटांमधला वेळ पाहा. वारा पडलेला असला तरी दूरच्या वादळाच्या लाटा येऊन थडकतात. दोन लाटांमधला वेळ 12 सेकंदांच्या पुढे गेला, तर पाणी वाटतं त्याहून बरंच वर चढतं. अशा दिवशी जाऊच नका. कुठे जाताय, कधी परतणार, हे घरी सांगून निघा.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच रॉड जोडायला घेऊ नका. वरच्या टप्प्यावर थांबून वीस मिनिटं पाणी बघा. मोठ्या लाटा गटाने येतात. दोन-चार लाटा पाहून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. गोटे जिथपर्यंत ओले झालेत, त्याच्या बऱ्याच वर रॉडचा स्टँड रोवा. भरती चढत असेल तर सामान वेळेवर मागे घेत राहा. समुद्राकडे पाठ करून आमिष लावत बसू नका. वादळानंतर गोट्यांची उभी कड तयार झालेली असते. ती ढासळते, म्हणून तिच्या वर किंवा खाली उभं राहायचं नाही.

लाइफ जॅकेट अंगात हवंच, बॅगेत नाही. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायला वापरतात ती जलरोधक बूट-विजार, घालू नका. इथे पाण्यात उतरायचंच नसतं. रात्री हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल लागतात.

सगळ्यात जपायचं ते मासा काठाशी आल्यावर. मीही एकदा चांगला मासा पाहून दोन पावलं खाली उतरलो. पाणी परतलं तसे घोट्यापर्यंत गोट्यांत रुतलो आणि उतारावर बसकण मारली. पुढची लाट लहान होती म्हणून वाचलो. तेव्हापासून मी लाटेची वाट बघतो. लाट माशाला वर ढकलते, तेवढ्यात दोरी ताणलेली ठेवून मागे चालत जायचं. पाणी परतताना ओढाताण नको, दोरी थोडी सुटू द्या. मासा कोरड्या गोट्यांवर आल्यावरच हात लावा. गळ अडकला तर खाली जाऊ नका, दोरी कापून टाका.

कोणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. फेकायची दोरी टाका, आपत्कालीन नंबर लावा, पाठीवर तरंगत राहायला ओरडून सांगा. तुम्ही पडलात तर रॉड सोडा. थंड पाण्याने श्वास कोंडतो, छाती धडधडते; पहिले एक-दोन मिनिटं हातपाय न झाडता तोंड वर ठेवून तरंगा. श्वास ताब्यात आला की मग हाक मारा.