बाथरूममध्ये वाळा दिसला तर काय करायचं

पाऊस पडायला लागला की मुंबईतल्या तळमजल्यावरच्या घरांत, चाळीच्या मोरीत, सोसायटीच्या बागेत एक काळपट चकचकीत वळवळणारं काहीतरी दिसतं आणि मग आरडाओरडा, कोणी मीठ आणतं, कोणी फिनेल, कोणी चप्पल. बहुतेक वेळा तो वाळा असतो. वाळा म्हणजे गांडूळ नाही आणि नागाचं पिल्लूही नाही, तो पूर्ण वाढलेला साप आहे, फक्त आकाराने एवढासा, आणि बिनविषारी. त्याला मारायचं काहीही कारण नाही, दोन मिनिटांत त्याला परत मातीत सोडता येतं, तेवढंच तुम्हाला जमावं म्हणून हे लिहितोय.

आधी ओळखायला शिका, घाई करू नका. साधा वाळा साधारण १० ते १५ सेंटीमीटर लांब, बॉलपेनच्या रिफिलइतका जाड, रंग काळसर तपकिरी नाहीतर जांभळट, आणि कात टाकायच्या आधी निळसर राखाडी दिसतो. अंगावर चमक असते पण हात लावला तर कोरडा, चिकट नाही. गांडुळाच्या अंगावर आडव्या वळ्या असतात आणि ते लांब होतं, आखडतं, परत लांब होतं असं सरकतं. वाळा तसा आखडत नाही, तो नागमोडी जातो, लादीवर पकड मिळाली नाही की भराभर वळवळतो, त्यामुळेच लोकांना तो अंगावर येतोय असं वाटतं. खात्री करायची असेल तर थोडं वाकून बघा, इवलीशी जीभ आत बाहेर होताना दिसते. गांडुळाला जीभ नसते, विषय संपला.

आता डोकं कुठलं आणि शेपटी कुठली हे बघायला गेलात तर गोंधळ होणार, कारण दोन्ही टोकं बोथट. डोळे आहेत, पण खवल्यांच्या खाली झाकलेले दोन काळे ठिपके, त्यातून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजेड आला की तो लपायला बघतो. शेपटी अगदी आखूड आणि तिच्या टोकाला बारीक काटा. हातात धरला की हा काटा टोचतो आणि लोक म्हणतात डंख मारला. तो डंख नाही, त्यात विष नाही, मातीत पुढे सरकताना टेकू घ्यायला तो काटा असतो. तोंड इतकं लहान आणि डोक्याच्या खालच्या बाजूला की माणसाला चावणं त्याला जमतच नाही. घाबरला की वास मारणारा द्रव सोडतो, साबणाने हात धुतले की झालं.

कानात शिरतो ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात, खासकरून कोकणातले लोक. त्याला कानात काय करायचंय, त्याचं खाणं मातीत आहे. तो खातो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष, आणि वाळवीसुद्धा. साप म्हटलं की आपण बेडूक उंदीर अख्खा गिळणारा प्राणी डोळ्यासमोर आणतो पण हा वारुळात शिरून एकामागून एक बारीक घास पटापट गिळतो. दात फक्त वरच्या जबड्याला, त्यांनीच तो घास आत ओढत नेतो. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट मांडली की हा वाळा वाळवी खाताना कधी कधी तिचं डोकं जमिनीवर घासून तोडतो आणि नुसतं अंग खातो, कारण ते कडक डोकं पचत नाही. विचार करा, तुमच्या कुंडीखाली हे चाललेलं असतं. ज्या सोसायट्या दरवर्षी वाळवीसाठी पेस्ट कंट्रोल करतात त्यांच्या आवारात हा प्राणी फुकट तेच काम थोडंफार करत असतो, आणि आपण त्यालाच मारतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य काम, त्याला उचलायचं कसं. पहिलं म्हणजे नळ बंद करा, पाणी ओतून त्याला मोरीत ढकलू नका, मीठ नको, फिनेल नको, गरम पाणी नको, कुठलाही स्प्रे नको. चिमट्याने धरू नका, त्याच्या बरगड्या केसासारख्या बारीक असतात, चिमट्यात तो चिरडतो. झाडूनेही खसाखसा लोटायचं नाही. जुनी लग्नपत्रिका, पुठ्ठा नाहीतर सुपली त्याच्या पुढ्यात धरा आणि मागून ओल्या वर्तमानपत्राच्या घडीने हळूच पुढे सारा, तो आपोआप वर येतो. मग एका डब्यात, आइस्क्रीमचा रिकामा डबा चालतो, तळाला कुंडीतली दमट माती घाला आणि त्यात सोडा. तो लगेच डोकं खुपसून आत जाईल. झाकणाला मोठी भोकं पाडू नका, तो त्यातून निघतो, त्यापेक्षा वर सुती फडकं रबरबँडने बांधा. माती दमट हवी, चिखल नको. डबा उन्हात ठेवलात तर तो थोड्याच वेळात सुकून मरेल, एवढ्या बारीक अंगात पाणी ते किती असणार.

सोडायचा लगेच, फार तर त्याच संध्याकाळी, आणि आपल्याच आवारात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये किंवा आरेमध्ये नेऊन सोडू असं खूप जणांना वाटतं, हेतू चांगला आहे पण नको. तो जिथून आला तिथेच त्याची बिळं, त्याची वारुळं आहेत. कंपाउंडच्या कडेला झाडाखाली, पालापाचोळा असेल तिथे बोटाने थोडी माती उकरा, डबा आडवा करा आणि त्याला स्वतःहून जाऊ द्या. कोंबड्या, साळुंक्या, कावळे असतील तर आधी पाचोळ्याने झाका. आणि घरी बरणीत पाळायचा विचार करू नका, मुलांना दाखवायचा असेल तर सोडताना दाखवा.

तो घरात येतो कशाला हेही सांगतो म्हणजे परत परत उचलावं लागणार नाही. जोराचा पाऊस झाला की मातीतली बिळं पाण्याने भरतात आणि त्याला वर यावंच लागतं, मग ओलसर भिंतीच्या कडेने, मोरीच्या पाइपातून, दाराखालच्या फटीतून तो आत येतो. नहाणी ट्रॅपवर बारीक जाळी बसवा, दाराखाली रबराची पट्टी लावा, कुंड्या भिंतीला चिकटवून न ठेवता स्टँडवर ठेवा. पाचोळा भिंतीजवळचा काढा, झाडाखालचा राहू द्या.

बाराव्या मजल्यावर कसा आला असं कोणी विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा नर्सरीतून आणलेली कुंडी. आणि याच कुंडीतून हा साप जगभर गेलाय, फ्लोरिडा, हवाई, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतले देश, म्हणून इंग्रजीत त्याचं एक नाव फ्लॉवरपॉट स्नेक. त्याला हे जमलं कारण या जातीत सगळ्या माद्याच आहेत. नर नाहीतच. मादी एकटी, मीलनाशिवाय अंडी घालते आणि त्यातून तिच्यासारख्याच माद्या बाहेर पडतात, गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या. म्हणजे कुठल्या तरी बंदरात मातीसोबत एकच मादी उतरली तरी तिथे वाळ्यांची वसाहत होऊ शकते. त्याचं शास्त्रीय नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस. १७९६ साली पॅट्रिक रसेल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने विशाखापट्टणमकडच्या नमुन्याचं चित्र छापलं, त्यावरून दोदां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये त्याला ब्रामिनस हे नाव दिलं.

कुंडी बदलताना मातीत सेंटीमीटरभर लांबीची पांढरी लांबट अंडी सापडली तर फेकू नका, ती पालीची नसून वाळ्याची असू शकतात, होती तशीच न उलटता परत मातीत झाका.

आता सावधगिरी, हा भाग नीट वाचा. प्रत्येक बारीक साप वाळा नसतो. साधी खूण अशी की वाळ्याच्या पोटाखालचे खवले पाठीवरच्या खवल्यांइतकेच असतात, मान वेगळी दिसत नाही, डोळा ठळक दिसत नाही, अंगावर पट्टे ठिपके काही नाही. स्पष्ट गोल डोळा दिसला, पांढरे आडवे पट्टे दिसले, तर ते मण्यारचं पिल्लू असू शकतं आणि तेही विषारीच. पोवळा नावाचा एक बारीक साप आहे, डोकं काळं, पोट लालसर, डिवचला की शेपटी वर गुंडाळून दाखवतो, तोही विषारी. हे दोघं वाळ्यालाही खातात म्हणजे जिथे वाळा तिथे ते असूच शकतात. शंका असेल तर हात लावू नका, लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. अनोळखी साप चावलाच तर घरगुती उपाय न करता थेट मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचं.

कधी दीड दोन फुटी, बोटाएवढा जाड आणि टोकदार चोचीसारखं नाक असलेला वाळा दिसला तर तो चंचुवाळा, हा फक्त भारतातच सापडतो आणि आपल्याकडच्या वाळ्यांमधला सगळ्यात मोठा. लोक त्याला मांडूळ समजून पैशाच्या आशेने पकडून ठेवतात, तेही करू नका. हा निरुपद्रवी आहे, फक्त ताकद जास्त म्हणून डबा मोठा घ्या.

मुद्दाम बघायचा असेल तर पाऊस पडून गेल्यावर रात्री टॉर्च घेऊन सोसायटीच्या बागेत जा, पायात बूट हवेत. दगड किंवा कुंडी हाताने नाही, काठीने त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचला म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडे जाईल. बघून झालं की दगड होता तसाच ठेवा, कारण त्याखालचा ओलावा म्हणजे त्याचं घर. फोटो काढायचा तर पट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून एक पूर्ण अंगाचा, एक डोक्याचा वरून, एक बाजूने आणि एक शेपटीचा काढा आणि आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर तारीख आणि ठिकाणासकट टाका, नाकाचा बाजूने घेतलेला फोटो असेल तर साधा वाळा की चंचुवाळा हे जाणकार तिथेच सांगतात.