झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: पाना हातात घेण्याआधी

सुरुवात कागदापासून. मारुतीची झेन २००६ मध्ये बंद झाली, म्हणजे आज चालणारी प्रत्येक झेन पंधरा वर्षं ओलांडलेली. दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत नेली की इंजिन नंबर पाहिला जाणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इथे तर झेनच्या ९९३ सीसीच्या जागी एस्टीमचं १२९८ सीसी येणार. आरटीओची लेखी परवानगी मिळेपर्यंत एक बोल्टही विकत घेऊ नका. नाहीच मिळाली तर झेनचंच चांगलं इंजिन बसवा. गाडी तरीही गोड चालते. विमा कंपनीलाही आधीच कळवा.

परवानगी मिळाली की सुटं इंजिन नको, आरसीसकट अख्खी एस्टीम शोधा. इंजिन स्वस्तात मिळतं, पैसा जातो तो वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, एक्सिलरेटर केबल, ब्रॅकेट असल्या चिल्लर मालात. भंगारवाल्याने हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, कापलेला असेल तर सौदा सोडा. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर चावी, त्याचा डबा आणि ईसीएम एकाच गाडीचे हवेत, नाहीतर सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. उतरवण्यापूर्वी इंजिन गरम करून चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजा: १४ किलोच्या आसपास उत्तम, १२ च्या खाली नको, आणि आपापसात एक किलोपेक्षा जास्त फरक नको. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळे एकदा ओव्हरहीट झालेलं इंजिन हेड वाकवून बसलेलं असू शकतं. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक निघाला तर सातपूर किंवा अंबडच्या मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या.

तुमची झेन कार्बोरेटरची असेल तर खरं काम पेट्रोलच्या लाइनचं. जुना पंप इंजिनावरचा, कमी दाबाचा. एस्टीमच्या एमपीएफआयला (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाला) टाकीतला पंप, अडीच ते तीन बार सोसणारे होज आणि परतीची लाइन लागते. जुन्याच रबरी नळ्या क्लॅम्प आवळून चालवल्या तर त्या गरम मॅनिफोल्डजवळ फुटतात. एबीसी पावडरचा अग्निशामक शेजारी असू द्या.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि फाउंडेशनची (इंजिन ज्यांवर बसतं ती) रबरं नवीन टाका. नंतर हात पोचत नाही. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट एकाच संचाची घ्या, आणि प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून पाहा. झेनचाच गिअरबॉक्स ठेवलात तर एक्सलही झेनचेच राहतात. रेडिएटर मात्र एस्टीमचाच, पंख्यासकट.

जागा सपाट काँक्रीटची हवी. पेव्हर ब्लॉकवर क्रेनची चाकं रुततात. एक टनी चेन ब्लॉक स्लॅबच्या हुकाला लावू नका, पंख्याचा तो हुक एवढा भार घ्यायला बसवलेला नसतो. भाड्याने इंजिन क्रेन आणा. स्टँड चार, गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच, प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी आणि नंबर. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. एसीचा गॅस सोडू नका. कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला बांधता येतो. बॉडीपासून इंजिनपर्यंतची अर्थिंगची पट्टी परत बसवायला हमखास विसरतात, मग सेल्फ रडतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात.

ऑइल, कूलंट भरल्यावर इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. मग कनेक्टर लावून सुरू करा आणि पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत गाडी जागेवर उभी ठेवूनच इंजिन चालू ठेवा. आधी गंगापूर रोडवर फिरवा, ब्रेक तपासा. कसारा घाट त्यानंतर, आणि तोही सकाळी. चढावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला तर एसी बंद करून बाजूला थांबा, आणि रेडिएटरचं झाकण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.