हळद्या पक्षी, वीस तुकडे : इंटार्शियाचा नमुना असा काढा

इंटार्शिया, म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जुळवून केलेलं चित्र, शिकायला आलेला माणूस पहिली चौकशी स्क्रोल सॉची, म्हणजे बारीक ब्लेडच्या करवतीच्या मशीनची, करतो. काम बिघडतं मात्र त्याच्या कितीतरी आधी, कागदावर. नमुन्यातली प्रत्येक रेघ म्हणजे ब्लेडची वाट. ती रेघ काढताना हात चित्रकाराचा असला तरी डोकं सुताराचं हवं.

इटलीत उर्बिनोच्या राजवाड्यात पंधराव्या शतकातली जी इंटार्शिया आहे, ती सपाट. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे एका पातळीत बसवलेले. आज हौशी कारागीर करतात त्यात तुकड्यांची जाडी कमीजास्त ठेवून, कडा गोल करून उठाव आणतात. इथे याच प्रकाराबद्दल लिहिलं आहे.

पहिल्या नमुन्यासाठी हळद्या घ्या. अंग पिवळं, पंख काळे, चोच लालसर, डोळ्यातून मागे जाणारा काळा पट्टा. रंग मोजके आणि एकमेकांपासून ठळक वेगळे. पक्षी जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापाचा नमुना फांदीसकट ए-३ कागदावर मावतो. फोटो स्वतः काढलेला किंवा परवानगी घेतलेला, आणि बाजूने टिपलेला असावा.

फोटोवर बटर पेपर ठेवून आधी फक्त बाहेरची कड काढा. मग आतले भाग पाडा: चोच २, डोळा १, काळा पट्टा १, डोकं नि मान १, छाती १, पोट १, पंख ३, पंखावरचा पिवळा ठिपका १, शेपटी २, शेपटीखालचा पिवळा भाग १, बोटं १, फांदी ३, पानं २. झाले वीस. नवख्याने यापुढे जाऊ नये. प्रत्येक पीस वेगळं दाखवायचा मोह होतो, पण मग पंखाचे तुकडे इतके अरुंद होतात की सँडिंग करताना, म्हणजे पॉलिश पेपरने घासताना, बोटात धरवत नाहीत. पाय तर काढूच नका. पोटाची पिसं खाली ओढून पाय झाका आणि फांदीवर फक्त बोटं दाखवा. काडीएवढा पाय हमखास मोडतो.

रेघांचे नियम थोडेच आहेत, पण पक्के आहेत. रेघ दुसऱ्या रेघेला किंवा बाहेरच्या कडेला भिडलीच पाहिजे, मध्येच संपता कामा नये. चार तुकड्यांची टोकं एका बिंदूत आणू नका. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही फट होऊन डोळ्यात भरते. एक रेघ सात-आठ मिलिमीटर सरकवली की त्या एका सांध्याचे दोन साधे सांधे होतात. खोल, अरुंद खाचा टाळा, त्यात सँडिंगचा ड्रम (पॉलिश पेपर गुंडाळलेला फिरता रूळ) शिरत नाही. आणि सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद तुकडा ठेवू नका.

हळद्याची खरी परीक्षा डोळ्याशी असते. डोळा म्हणजे सहा मिलिमीटरचं भोक आणि त्यात बसवलेली गोल काडी. काळा पट्टा फोटोबरहुकूम नऊ मिलिमीटर रुंद काढला, तर भोकाच्या वर-खाली दीड-दीड मिलिमीटर लाकूड उरतं आणि काडी ठोकताना पट्टा दुभंगतो. डोळ्यापाशी पट्टा बारा मिलिमीटर करा, मग दोन्ही बाजूंना तीन-तीन उरतात. पक्षी काही कमी खरा दिसत नाही. भोक मात्र पट्टा कापण्याआधी, अख्ख्या फळीवर पाडून घ्या.

आता लाकूड. पिवळ्यासाठी हेदू, बाजारात याला हळदूही म्हणतात. फणस पहिल्या दिवशी जास्त झळाळतो, पण उजेडात वर्षागणिक तपकिरी होत जातो. काळ्यासाठी शिसवी, फांदीला साग, चोच आणि डोळ्याला पडाऊक, हे लाल लाकूड. वखारीतल्या तुकड्यांच्या ढिगात यातलं बरंच सापडतं. हिरवं लाकूड सहजी मिळत नाही, म्हणून पानं हिरवीच हवीत हा हट्ट सोडा आणि रंगाऐवजी छटा बघा. फोटो कृष्णधवल करून पाहिला की छटा कळतात. नमुन्यावर ग, म, फि अशी अक्षरं लिहा: गडद, मध्यम, फिकट. शेजारच्या दोन तुकड्यांना एकच अक्षर आलं, तर त्यांच्या शिरांची, म्हणजे लाकडातल्या रेषांची, दिशा तरी वेगळी हवी.

शिरांचा बाण प्रत्येक तुकड्यावर काढायचाच. पंखात आणि शेपटीत तो लांबीच्या दिशेने, छातीवर अंगाच्या वळणाने. अरुंद तुकड्यात शिरा आडव्या गेल्या तर तो बिस्किटासारखा तुटतो. बाणाशेजारी उंची लिहा. फळी १८ मिलिमीटरची धरली तर पंख +४ (खाली ४ मिलिमीटर प्लाय), अंग ०, शेपटी आणि मागचं पान −४. शेजाऱ्यांत तीन मिलिमीटरही फरक नसेल तर कडा गोल केल्यावर तो उरत नाही.

कॉम्प्युटरवर काढायचं तर इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. फोटो खालच्या लेयरवर ठेवा, पन्नास टक्के फिका करा आणि लॉक करा. वरच्या लेयरवर बेझिअर टूलने (वळणदार रेघा काढायच्या साधनाने), कमीत कमी नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, घेऊन रेघा ओढा. जाडी ०.३ मिलिमीटर. फोटो आपोआप ट्रेस करणारी सोय वापरू नका. ती रेघेच्या दोन्ही कडा पकडते आणि शेकडो नोडची थरथरती वाट देते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्र बंद आकार म्हणून काढणं. मग शेजाऱ्यांची सामाईक रेघ दोनदा येते, दोन्ही किंचित वेगळ्या, आणि कोणत्या रेघेवर कापायचं ते कळत नाही. सामाईक रेघ एकदाच काढा, टोकं स्नॅप (जवळ आलेलं टोक आपोआप चिकटवणारी सोय) लावून जोडा. तरीही पहिला नमुना हातानेच करावा असं आमचं मत आहे. झूम केलेल्या पडद्यावर चार मिलिमीटरचा तुकडा ऐसपैस वाटतो, बटर पेपरवर तो लगेच खटकतो.

छापताना १०० टक्के मापच निवडा, ‘फिट टू पेज’ नको. कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. झेरॉक्स काढायची तर सगळ्या प्रती एकाच मशीनवर, कागद एकाच दिशेने घालून काढा, कारण काही मशीन एका दिशेने किंचित ताणतात.

प्रती किती? नमुना कापून फळीवर चिकटवताना प्रत्येक तुकड्याभोवती पाच मिलिमीटर कागद सोडून कापायचं असतं, त्यामुळे शेजारचे दोन तुकडे एकाच प्रतीतून निघत नाहीत. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजाऱ्यांना एकच रंग येत नाही. हे गणितज्ञांनी १९७६ साली सिद्ध केलं, आणि ते इथे अक्षरशः उपयोगी पडतं. चार रंगांच्या चार प्रती कापायला, एक मूळ म्हणून जपायला, एक जुळवणी करायला: सहा. जिथे टोकं एकमेकांच्या फार जवळ येतात तिथे कागद कमी पडतो, म्हणून सातवी हाताशी असू द्या.

फळीवर आधी सेलोटेप, त्यावर फेविस्टिकने कागद. टेबल आणि ब्लेडचा काटकोन गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तपासा. तो ढळला तर तुकडे वरून जुळतात आणि खाली फट राहते, आणि वरून सँडिंग करत खाली गेलं की तीच फट उघडी पडते. कापताना अर्धी रेघ लाकडावर उरली पाहिजे. प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा कापला, तर ओळीने आठ तुकड्यांत चार मिलिमीटरचा फरक जमा होतो आणि शेपटी फांदीवर चढते. म्हणून पंख आणि अंग आधी जुळवा, मग बाहेर सरका.

सगळे तुकडे ज्यावर चिकटतात त्या मागच्या प्लायची रेघ मूळ नमुन्यावरून घेऊ नका. सगळे तुकडे सँडिंग होऊन जुळले की ते प्लायवर मांडून बाहेरून पेन्सिल फिरवा आणि त्या रेघेच्या तीन मिलिमीटर आतून कापा, म्हणजे बाजूने पाहिलं तरी प्लाय दिसत नाही.