मोठ्या रेटिंगवाल्यासमोर हातची बरोबरी जाते : या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरातल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत मी विद्यार्थ्याच्या पटापासून चार हात लांब उभा होतो. कूलरची घरघर चालू. पोराचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) 1500, समोरचा 1800 चा. हत्ती-प्याद्यांचा शेवट, आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, म्हणजे बरोबरीचा दावा करता आला असता. त्यानं हत्ती सरकवला, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना हात केला. दावा फेटाळला गेला. समोरच्यानं वेगळी चाल केली आणि थोड्याच वेळात डाव गेला. पोरगं स्कोअरशीटकडे, म्हणजे चाली लिहायच्या कागदाकडे, बघत बसलं होतं, मला त्याच्याजवळ जाववेना.

आपल्या चालीनं स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर मोहऱ्याला हातच लावू नका. चाल स्कोअरशीटवर लिहा, पंचांना बोलवा आणि ‘ही चाल करणार आहे’ असं सांगा. लिहिलेली चाल मग बदलता येत नाही. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क संपला. समोरच्याच्या चालीनं स्थिती आली असेल, तर आपली पाळी असतानाच दावा करा. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, म्हणून आधीच्या चाली नीट लिहिलेल्या हव्यात.

बरोबरी सारखी मागू नका. घाबरलात हे त्याला कळतं, शिवाय त्रास दिल्याची तक्रारही होऊ शकते. मागायचीच तर चाल करून, घड्याळ दाबण्याआधी.

घाईघाईनं सगळ्या मोहऱ्यांची मारामारी करून टाकणं ही तर जुनीच खोड. हत्ती गेले की राजा-प्याद्यांच्या शेवटात एका चालीचा फरकही डाव घालवतो. एक प्यादं कमी असलं तरी हत्ती ठेवा. काळ्याकडून बचाव करताना राजा प्याद्यासमोर, हत्ती सहाव्या ओळीत (ओळी पांढऱ्याकडून मोजायच्या). प्यादं सहाव्या ओळीत आलं की हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहा.

आणि वरचढ असताना नुसत्या रेटिंगच्या धाकानं बरोबरी घेऊ नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये बातुमीला, जास्त रेटिंगच्या कोनेरू हंपीला न घाबरता महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सोडवले आणि टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत, विजेतेपद घेतलं.

300 गुणांनी वरच्याशी बरोबरी केली, तर के-गुणांक (एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) 40 असलेल्या मुलाला 14 गुण मिळतात. त्या पोराचे तेवढेच हुकले. आता सरावातही तो स्थिती जुळली की आधी लिहितो, मग मला हाक मारतो.