गिटारचा अॅम्प घुमतो तेव्हा

"भाऊ, हाऊ अॅम्प घुमी ऱ्हायना." लग्नसराईत चोपडा गावातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हे अहिराणी वाक्य, म्हणजे 'हा अॅम्प्लिफायर घुमतोय', आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. अॅम्प आणणाऱ्याने मागचं झाकण घरूनच अर्धं सोडवून आणलेलं असतं. मी आधी ते बसवायला लावतो.

गिटारची पिन काढा. बऱ्याच अॅम्पांत पिन काढली की इनपुटचा जॅक आपोआप अर्थला जातो. आवाज थांबला तर दुखणं बाहेर आहे, म्हणजे केबल, गिटार किंवा खोली. केबल बदलून बघा. गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा. एका दिशेला घूं कमी झाली तर गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचा सूर पकडणारी एकेरी गुंडाळी) जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा ट्यूबलाइटच्या चोकचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणं नॉर्मल आहे. वाढला तर गिटारच्या जॅकवर वायरी उलट्या डागल्यात (सोल्डर केल्यात) का ते बघा.

पिन काढूनही आवाज येतच असेल तर व्हॉल्यूम फिरवा. आवाज त्याबरोबर कमीजास्त झाला तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात, नाही झाला तर नंतरच्या. एवढ्यात निम्मा अॅम्प तपासणीतून बाद होतो.

आता सूर ओळखा. जाड ई तारेचा तिसरा पडदा दाबला की 'जी' हा सूर वाजतो, 98 हर्ट्झचा. घूं त्याच्या आसपास, जरा चढी असेल तर ती 100 हर्ट्झची, म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे, वीज साठवणारे कंडेन्सर सुकले असावेत. आमच्याकडचा मे त्यांना सोसत नाही. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ती थेट लाइनची, 50 हर्ट्झची. मग अर्थिंग आणि शिल्डच्या, म्हणजे जाळीवाल्या, वायरी बघायच्या.

खरखर असेल तर चालू अॅम्पमध्ये मी कुल्फीच्या कोरड्या काडीने एकेक जोड हलकेच ठोकतो. काडी लाकडाचीच हवी आणि दुसरा हात खिशात. एकदा एका रेझिस्टन्सच्या पायाशी टकटक केलं की स्पीकरमधून कढईत मोहरी पडल्यासारखा आवाज यायचा. भिंगातून पाहिलं तर डागाभोवती केसाएवढी गोल चीर. परत डागला, गप्प झाला. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अॅम्प असेल तर तिथे 400 व्होल्टच्या वर खेळ असू शकतो, आणि बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात. डागण्याआधी 10 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टन्समधून ते रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. हे जमत नसेल तर काडी हातात घेऊच नका.

व्हॉल्यूम फिरवताना खरखरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. चार दिवसांत पुन्हा खरखरला तर व्हॉल्यूमच्या अगोदरचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सूर पुढे सोडणारा) डीसी गळू देत असावा. तो बदला.

आणि एक. घूं जावी म्हणून प्लगची जाड पिन तोडणारे कलाकार मी पाहिलेत. तो अर्थ आहे बाबांनो! तो तोडला आणि आत फेज बॉडीला लागला, तर गिटार हातात धरून माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवावर बेततं.

गेल्या वैशाखात एका पोराचा अॅम्प दुकानात मुका, मंगल कार्यालयात मात्र घुमायचा. तीन फेऱ्या झाल्यावर मीच अमळनेरला गेलो. वायरमनने सगळ्यांना यंत्रांपासून लांब उभं केलं आणि फेज-अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावला. बल्बात नुसती लाल तार दिसली, म्हणजे अर्थ कच्चा. मागे अर्थिंगचा खड्डा पाहिला तर काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, मीठ-कोळसा कधीचा कोरडा. चार बादल्या पाणी ओतलं. तासाभराने बल्ब बऱ्यापैकी पेटला आणि घूं एवढी खाली आली की ढोलकी सुरू झाल्यावर ऐकूही येईना. माझी मजुरी मात्र कार्यालयवाला देईना, म्हणे पाणी तर आमचंच होतं.